भूमिबाबाची लांब काठी

"आभाळातल्या मावशी, आज कुठल्या गावाशी?
पिलं माझी मोजलेली, नजर नको त्यांच्यापाशी!
बांधापलीकडे उंदीर फार,
पंगत मांडलीय, तिकडे जा, घार!"

हा आ-बूचा, म्हणजे माझ्या आईचा आवाज. सदतीस वर्षं झाली हे गाणं ऐकून. अंगणात बांबूचा खराटा उलटा धरून ती उभी राहायची, मान मागे टाकायची, आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारींशी बोलायची. शेजारच्या बायका घार दिसली की ताटल्या बडवायच्या, सात पिढ्या उद्धरायच्या. आमची आई गाणं म्हणायची. "शिव्या ऐकून कोण जातं?" ती म्हणायची, "मी तरी जाईन का?" आणि खरंच, पुष्कळदा घारी दोन फेऱ्या मारून शेताकडे वळायच्या. एखादी ऐकायची नाही, कोंबडीचं पिलू उचलायची; मग आ-बू कमरेवर हात ठेवून तिच्या शेपटीकडे बघत राहायची आणि म्हणायची, "ही बहिरी दिसते."

लाल चवळीच्या कापणीला तर आमच्या गावावर पन्नास-साठ घारी जमायच्या. तेव्हा कापणी विळ्यानं व्हायची. बायका ओळीनं पुढे सरकायच्या, पुढून उंदीर पळायचे, आणि डोक्यावरून सावल्यांची ये-जा चालायची. शिट्टी घालावी तशी त्यांची हाक, शेवटी थरथरत जाणारी. ती ऐकली की मी विळा टाकून नाचायचे आणि आ-पांचा, वडिलांचा, ओरडा खायचे.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी पेरणी झाली आणि घारी दिसेनाशा झाल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. आ-बू सवयीनं सकाळी अंगणात उभी राहायची, कोऱ्या आभाळाकडे बघून गाणं म्हणायची. काही दिवसांनी तेही थांबलं.

"आ-पा, घारी कुठे गेल्या?" मी विचारलं.

आ-पा पेज पीत होते. वाडग्यातून डोकं वर न काढता म्हणाले, "डोंगरात."

"का?"

"तिथे उंदीर जास्त आहेत. जेव."

मी विश्वास ठेवला. आमच्या पिंगतुंगच्या मैदानात हिवाळ्यात कोरडं निळं ऊन पडतं, आणि पूर्वेचा तावू डोंगर इतका स्वच्छ दिसतो की वाटतं हात लांबवावा आणि त्याच्यावर कपडे वाळत घालावेत. त्या हिवाळ्यात मी रोज शाळेला जाताना त्या डोंगराला जीभ काढून दाखवायचे. आमच्या घारी नेल्या म्हणून.

मग मी मोठी झाले, काओश्युंग शहरात गेले, स्क्रूच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. चार वर्षांपूर्वी आ-बू गेली. आ-पा एकटे पडले, शेत पडीक पडायला लागलं, आणि मी परत आले. माझं नाव ग्वेथो. आमच्या बांधावर उगवणाऱ्या एका पांढऱ्या फुलाचं नाव आहे ते, पण गावात सगळे 'आ-थो' म्हणतात. पूर्ण नाव फक्त टपालवाल्याला माहीत.

आल्या आल्या मी एकच गोष्ट ठरवली: शेतात औषध घालायचं नाही. पेरणीच्या वेळी चिमण्यांसाठी विषारी तांदूळ ठेवायचे नाहीत, कापणीच्या आधी पानं गळावीत म्हणून फवारा मारायचा नाही. पहिली दोन वर्षं होल्यांनी आणि चिमण्यांनी कोंब खुडून खाल्ले. आ-पा बांधावर स्टूल टाकून बसायचे आणि म्हणायचे, "छान. चिमण्या गुबगुबीत झाल्या. पुढच्या वर्षी त्यांनाच कापू."

शेतकी कॉलेजच्या मुली गावात उंच खांब लावत फिरत होत्या. वर आडवी काठी, तिच्यावर शिकारी पक्षी बसतात, उंदीर धरतात, चिमण्या घाबरून असतात. बऱ्याच शेतांत लागले. आमच्या बांधावर त्या आल्या तर आ-पांनी छत्री उगारली. "माझ्या शेतात घारीसाठी खांब लागणार नाही!" का, ते सांगितलं नाही. त्यांना विचारण्यात अर्थ नसतो. त्यांचं 'नाही' म्हणजे बंद दुकान. दार वाजवा, आत कोणी नाही.

तिसऱ्या वर्षी काचवाला आला. शेतांवर उन्हाच्या विजेच्या काळ्या काचा बसवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा मुलगा. त्याचं नाव काहीतरी होतं, पण गावानं त्याला काचवाला करून टाकलं. फार नम्र. दर वेळी पेरू घेऊन यायचा. आ-पांना त्याचं बोलणं पटलं. वीस वर्षांसाठी शेत काचांना द्यायचं, कापणी झाली की सही करायची.

"मी काय करू मग?" मी म्हणाले.

"काओश्युंगला जा. कंबरेला आराम दे. वीस वर्षं शेत झोपेल, तूही झोप."

"मला झोपायचं नाही, आ-पा. मला पेरायचंय."

बंद दुकान.

आठव्या महिन्याची पुनव आली. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक शेताच्या कोपऱ्यात भूमिबाबाची काठी रोवतात. भूमिबाबा म्हातारा देव. शेताशेतांतून फिरून राखण करतो. त्याला टेकायला काठी हवी. हातभर बांबू घ्यायचा, वरचं टोक चिरायचं, चिरीत सोनेरी कागद आणि उदबत्त्या खोचायच्या, पपनस ठेवायचं, हात जोडायचे. मग कापणी होईपर्यंत त्या काठीला कोणी हात लावत नाही. बैलसुद्धा वळसा घालून जायचे, असं आ-बू सांगायची.

त्या वर्षी काठी मी केली.

आ-पा उदबत्त्या पेटवून शेताच्या कोपऱ्यात आले आणि मान वर करतच राहिले. काठी पंधरा फुटांची होती. वर आडवी काटकी बांधलेली.

"हे काय?"

"काठी."

"ही काठी? हिच्यावरून चढून चंद्रावर जाता येईल!"

"भूमिबाबा म्हातारे झालेत, आ-पा. पाठ वाकली की लांब काठी लागते."

"पाठ वाकली की आखूड काठी लागते, गाढवे! मी वाकलोय, मला माहीत आहे." त्यांनी स्वतःची काठी जमिनीवर आपटली. "आणि ती आडवी काटकी?"

"पपनसाची पिशवी अडकवायला."

शेजारची पान आ-सिम स्वतःच्या शेतात काठी रोवून आमची गंमत बघायला आली होती. आ-सिम म्हणजे काकू. नात्याची नव्हे, भिंतीला भिंत लागून असलेली. तिनं खुदकन हसून तोंडावर हात ठेवला. "ओंग-हिया, पोरीनं देवाला बाजारात पाठवायची सोय केली की!" आ-पांचं नाव चुइ-ओंग, ती त्यांना थोरला भाऊ मानते, म्हणून ओंग-हिया.

आ-पांचे कान लाल झाले. त्यांना काठी उपटता येईना. भूमिबाबाची काठी कोण उपटणार? डावं उजवं बघून ते माझ्याकडे वळले आणि हातातल्या उदबत्त्या माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले, "घारीसाठी केलंस ना हे? ऐक मग. कापणी संपायच्या आत या शेतावर घार उतरली, तर मी त्या कागदांची होडी करून कालव्यात सोडीन. नाही उतरली, तर सही. आणि मग तू तोंड उघडायचं नाहीस!"

"ओंग-हिया," आ-सिम हळूच म्हणाली.

"काय?"

"हातात उदबत्ती आहे."

आ-पांनी हाताकडे पाहिलं. तीन उदबत्त्या, तिन्ही पेटलेल्या, धूर सरळ वर चाललेला. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उदबत्ती हातात असताना माणूस बोलला, की ते बोलणं राहत नाही. ते देवाकडे रुजू होतं. म्हणून तर उदबत्ती धरली की लोक ओठ मिटून घेतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात आ-पा पहिल्यांदा चुकले होते, आणि तेही साक्षीदारासमोर.

"मी चेष्टेत बोललो!"

"देवाला सांगा," आ-सिम म्हणाली.

गेले तरातरा. कालव्याच्या वळणावर भूमिबाबाचं गुडघ्याएवढं देऊळ आहे. तिथून त्यांनी कौल लावायच्या दोन लाकडी फाका घेतल्या, चंद्रकोरीसारख्या, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक पालथी एक उताणी पडली तर देवाचा होकार. दोन्ही पालथ्या, तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या, तर देव हसला.

"बाबा, मघाचं धरू नका, काय?" आ-पांनी फाका टाकल्या.

दोन्ही उताण्या.

परत टाकल्या. दोन्ही उताण्या.

तिसऱ्यांदा त्यांनी फाका हातात घोळवल्या, फुंकर मारली, डोळे मिटले, टाकल्या. दोन्ही उताण्या. एक तर पडल्यावर थोडा वेळ डुलत राहिली, पोट धरून हसावं तशी.

आ-सिमनं बांधावर बसूनच घेतलं. मी तोंड फिरवून तावूकडे बघत राहिले. आ-पांनी फाका जागेवर ठेवल्या आणि म्हणाले, "देव पण बायकांच्या नादी लागलाय."

झालं ते असं. पैज नव्हती, पण पैजेपेक्षा पक्की गोष्ट झाली होती. आता घार यायला हवी होती, एवढंच. आणि आमच्या गावावर घार फिरकून सदतीस वर्षं झाली होती.

पेरणी झाली. मी पहाटेपासून शेतात. लाल फिती बांधल्या, डबे टांगले, हातात घंटा घेऊन बांधाबांधानं फिरले. आ-सिमनं अंगणातला गाण्याचा स्पीकर हातगाडीवर घालून आणला आणि माईक धरून जुनी प्रेमगीतं गायला लागली. होले उडाले. चिमण्या उडाल्या. चार शेतं पलीकडे कुत्रं रडायला लागलं.

"आ-सिम, थोडं हळू," मी म्हणाले.

"हळू गायले तर होल्यांना शब्द कळतील, मग ते बसून ऐकतील!"

कोंब वाचले. सगळे नाही, पण पुष्कळ. दोन-दोन पानं काढून शेत हिरव्या टाळ्या वाजवायला लागलं.

अकराव्या महिन्यात एका सकाळी पंधरा फुटांच्या काठीवर, पपनसाच्या पिशवीसाठी बांधलेल्या काटकीवर, एक पांढरा पक्षी बसलेला. खांद्यावर काळी शाल, डोळे लालभडक. मी धावत घरी आले. "आ-पा! आली!"

आ-पा चपला न घालता आले. कपाळावर हात धरून पाहिलं. मग श्वास सोडला. तो सुटकेचा होता की कसला, मला त्या वेळी कळलं नाही.

"ही कापशी. मी घार म्हटलं होतं."

"कापशी म्हणजे घारीची भाचीच की!" आ-सिम भिंतीवरून ओरडली.

"भाची आली म्हणून मावशीचं जेवण वाढतात काय?"

खरं होतं. मीही वाद घातला नाही; देवासमोर जे बोललं गेलं, ते घारीचं बोललं गेलं होतं. कापशी मात्र राहिली. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायची, दगडासारखी खाली पडायची, उंदीर घेऊन काटकीवर यायची. शिकारी पक्षी न पचलेलं सगळं गोळा करून ओकतात, राखाडी बोंडासारखं. एकदा मला दिसलं, आ-पांनी काठीखालचं असं एक बोंड उचललं, बोटांनी हळूहळू फोडलं. उंदराची हाडं, केस, एक इवलंसं जबड्याचं हाड. त्यांनी ते सगळं तळहातावर नीट मांडून पाहिलं, आणि हात झटकले. त्यांचं स्टूल आधी रस्त्याकडे तोंड करून असायचं. तेव्हापासून ते शेताकडे वळलं. बंद दुकानाच्या फटीतून उजेड दिसला तर माणसानं दार वाजवू नये, असं मला वाटलं.

बाराव्या महिन्यात बाकीच्यांनी फवारे मारले, चार दिवसांत पानं करपून गळाली, बैलडोक्यानं यंत्र फिरवून शेतं मोकळी केली. बैलडोक्या म्हणजे कापणीयंत्रवाला. खरं नाव त्याचं त्यालाही आठवत नाही. माझ्या चवळीची पानं आपल्या मनानं पिवळी व्हायची होती, आपल्या मनानं गळायची होती. एक आठवडा गेला. दोन गेले. चारी दिशांना कापलेली तपकिरी शेतं, आणि मधे माझं एकटं उभं.

"रानातले सगळे उंदीर तुझ्याकडे राहायला आलेत," आ-पा म्हणाले. "कापलेल्या शेतांतून पोटापाण्याला सगळेच आलेत. बेडूक, लावे, साप. धर्मशाळा उघडलीयस."

"येऊ देत."

"पण घार नाही आली."

"नाही आली."

हे त्यांनी चिडवायला म्हटलं असं मला वाटलं. पण म्हणताना ते वर बघत होते.

शेवटी शेंगा वाजायला लागल्या. वारा आला की सगळं शेत खुळखुळायचं, हजार लहान मुलांच्या हातात हजार खुळखुळे दिल्यासारखं. बैलडोक्याला निरोप गेला. काचवाल्यालाही गेला. 'शनिवारी कापणी,' आ-पांनी त्याला फोनवर सांगितलं, 'दुपारनंतर ये. कागद आण.'

शनिवारी पहाटे दव होतं. दवात चवळी कापत नाहीत, शेंगा ओल्या असल्या की दाणे यंत्रात चिरडतात. दहा वाजेपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो. आभाळ धुतल्यासारखं, आणि रिकामं. बैलडोक्या यंत्राच्या चाकाला टेकून सुपारी चघळत होता.

"आ-थो, नदीपलीकडे अननसाच्या बागांवर मी घारी पाहिल्यात गेल्या महिन्यात," तो म्हणाला. "निरोप पाठवायला हवा होतास. मी तुझं कार्ड नेऊन दिलं असतं."

"तुझं तोंड बघून त्या आल्या नसत्या," आ-सिम म्हणाली.

"का? मी काय वाईट आहे?"

"वाईट नाहीस. शिळा आहेस."

यंत्र सुरू झालं. बैलडोक्या शेताच्या कडेनं गोल फिरत आत आत येणार होता. दर फेरीला उभं पीक लहान होत जातं, आणि त्यातले जीव मागे मागे सरकत मधल्या पट्ट्यात गोळा होतात. शेवटच्या फेरीला सगळे एकदम बाहेर पडतात. हे आम्हांला माहीत असतं. हे आभाळातल्यांनाही माहीत असतं, असं आ-बू म्हणायची.

पहिल्या फेरीला बगळे आले, यंत्राच्या मागे मागे, देवळातल्या पुजाऱ्यांसारखे मान हलवत. दुसऱ्या फेरीला कोतवाल आले, काळे, दुभंगल्या शेपटीचे, टोळ टिपायला. कापशी काठीवरून उठली, एक उंदीर घेतला, परत बसली. मग दुसरी कापशी आली. एक छोटा ससाणा आला. मी मोजत होते आणि मान दुखत होती. घार नव्हती.

दुपार झाली. आ-सिमनं झाडाखाली मोठं पातेलं उघडलं. लाल चवळीचं गोड कढण, त्यात तांदळाच्या पिठाच्या गोळ्या. सगळ्यांना वाडगे दिले. तेवढ्यात स्कूटरवरून काचवाला आला, पेरूंची पिशवी एका हँडलला, कागदांची दुसऱ्या. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. त्यालाही कढण मिळालं. त्यानं कागद मांडीखाली ठेवले, उडू नयेत म्हणून.

शेताच्या मधे आता एकच पट्टा उरला होता. चार पावलं रुंद, खोलीएवढा लांब. तो हलत होता. वारा नव्हता, तरी हलत होता. आत सगळं रान दाटीवाटीनं बसलं होतं.

"बैलडोक्या, थांब जरा. कढण पिऊन घे," मी म्हणाले.

त्याला कळलं मी का थांबवतेय. त्यानं एक वाडगा प्यायला. मग दुसरा. तिसरा घेताना म्हणाला, "आ-थो, आता आणखी प्यायलो तर यंत्रच चालणार नाही माझ्यानं."

मी आ-पांकडे पाहिलं. ते स्टुलावर होते, वाडगा मांडीवर, एक घोटही न घेतलेला. त्यांनी मान हलवली. कापा.

यंत्र पट्ट्यात शिरलं. पहिला उंदीर बाहेर पडला, मग पाच, मग पन्नास. बेडूक उसळले. लावे भुर्रकन उडाले. बगळ्यांची पळापळ झाली. आणि मी खाली मान घालून बसले होते, कारण वर बघवत नव्हतं. म्हणून मला ती आधी जमिनीवर दिसली. कापलेल्या चवळीच्या खुंटांवरून एक सावली सरकत गेली. मोठी, शेपटीला खाच असलेली. तिच्यामागून दुसरी.

हाक आली. शिट्टी घालावी तशी, शेवटी थरथरत जाणारी.

"अगं बाई," आ-सिम म्हणाली, आणि पळी पातेल्यात बुडाली.

नदीकडून येत होत्या. दोन, सात, मग मोजणं सुटलं. तपकिरी, रुंद, उन्हाच्या जिन्यावरून उतरत असल्यासारख्या फेऱ्या घेत खाली, आणखी खाली. एक घार माझ्या डोक्यावरून इतकी जवळून गेली की वाऱ्यानं टोपी हलली. पायांत उंदीर धरून उडता उडताच खात होती. दोघींची एका उंदरावरून हवेत झटापट झाली, उंदीर सुटला, तिसरीनं अलगद झेलला. बैलडोक्यानं यंत्र बंद केलं, टपावर चढला आणि दोन्ही हात पसरून ओरडायला लागला, "या! या! सगळ्यांनी या! वाढपी मी आहे!" त्याची काळी टोपी खाली पडली. एका घारीला वाटलं उंदीर आहे. तिनं टोपी उचलली, कालव्यापर्यंत नेली, चव आवडली नसावी, पाण्यात टाकली.

"शिळी होती!" आ-सिम ओरडली.

काचवाला फोन वर धरून गोल गोल फिरत होता, तोंड उघडं, लहान मुलासारखा. कागद मांडीखालून केव्हाच उडाले होते. एक बगळ्याच्या पायाखाली होता. मी काय करत होते, मला आठवत नाही. आ-सिम सांगते, मी नाचत होते. सेहेचाळीस वर्षांची बाई, गमबुटांत.

आणि एक घार, सगळ्यांत मोठी, दोन फेऱ्या मारून सावकाश आली आणि भूमिबाबाच्या लांब काठीवर बसली. काटकी वाकली, मोडली नाही. कापशीनं जरा कुरकुर केली आणि सरकून जागा दिली.

बऱ्याच वेळानं काचवाल्यानं कागद गोळा केले, मातीचे डाग पुसले आणि आ-पांपाशी आला. आ-पा म्हणाले, "पोरा, मी सही करू शकत नाही. उदबत्ती हातात होती माझ्या."

तो ह्याच गावाकडचा. त्याला याहून जास्त सांगावं लागलं नाही. तो हसला. "ओंग-पेक," तो म्हणाला; पेक म्हणजे थोरले काका. "मग होडी तुम्ही करताय की मी करू? मला छान जमते." आणि बांधावर बसून त्यानं खरोखर होडी केली, शिडाची. पेरू मात्र ठेवून गेला.

ऊन कललं. बैलडोक्या यंत्र घेऊन गेला, आ-सिम पातेलं घासायला कालव्यावर बसली आणि माईकशिवाय गात राहिली. घारी अजून होत्या. पोटं भरली होती, आता नुसत्याच मजेत गोल फिरत होत्या. मी त्यांचं तसंच राहिलेलं कढण गरम करून आ-पांकडे नेलं.

"घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाहीत. आणि आ-पा," मी वाडगा पुढे करत म्हणाले, "तुम्ही शब्द पाळलात म्हणून शेत राहिलं. तुमच्यामुळे परत आल्या त्या, डोंगरातून."

त्यांनी वाडगा घेतला नाही. "बस," म्हणाले. मी बांधावर बसले. त्यांनी मान वर केली. कित्येक वर्षांत मी त्यांना इतका वेळ आभाळाकडे बघताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत ऊन जात होतं तरी ते बघत राहिले, आणि तसंच वर बघत बोलले.

"डोंगरात नव्हत्या गेल्या त्या. त्या वर्षी चिमण्यांनी अर्धा पेरा उचलला होता. मी औषध आणलं, तांदळात कालवलं, चारी कोपऱ्यांत ठेवलं. सगळेच ठेवायचे. सकाळी चिमण्या मरून पडल्या, होले पडले. म्हटलं झालं काम, आणि तसेच पडू दिले. ते खायला घारी उतरल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर बांधावर नऊ. गावातल्या बाकीच्या शेतांतही तसंच झालं असेल, पण माझ्या बांधावर नऊ. एक जिवंत होती. उडता येत नव्हतं तिला, माझ्याकडे बघत होती. मी कालव्याच्या कडेला खड्डा केला आणि घरी येऊन पेज प्यायलो. बाहेर तुझी आई मोकळ्या आभाळाला गाणं म्हणत होती. बारा दिवस म्हणत होती. मी बारा दिवस ऐकलं. तिला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. खांब लावायचं निघालं, तर त्याच्यावर येऊन बसणारीच्या तोंडाकडे मी कसं बघणार होतो? मी मारल्या त्या, थो. डोंगर-बिंगर काही नाही. मीच मारल्या."